नईम सरांचा हिरवा फ्लास्क

नईम सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बिडकीनच्या बसमध्ये अर्धवट झोपेत होते. बाहेर ज्वारीची ताटं हलत होती... मोबाईलवरची ओळ वाचली, फोन मांडीवर पालथा ठेवला, आणि कितीतरी वेळ वाटत राहिलं, की क्रांती चौकात उतरले की सर नेहमीसारखे भेटतील, विचारतील, "रेघ सरळ झाली का?" त्या रेघेबद्दल मी त्यांना खोटं सांगितलं होतं. आता ते कबूल करायचीही सोय उरली नव्हती.

विद्यापीठात सर आम्हाला डेटाबेस शिकवायचे. माहिती साठवायचं एक सॉफ्टवेअर होतं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. जगभरातली माणसं त्यातल्या चुका शोधून दुरुस्त्या पाठवत. "तुम्हीही पाठवा," हा सरांचा धोशा. आम्ही हसायचो, कारण आमचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद! पण दर शनिवारी दुपारी सर हिरवा फ्लास्क घेऊन प्रयोगशाळेत बसायचे, आणि त्यांचा नियम उफराटा होता. ज्याची दुरुस्ती परत आली, चहा त्यालाच. जिची स्वीकारली गेली, तिनं नुसतं बघत बसायचं. त्या आल्याच्या चहापायी भित्री पोरंही दुरुस्त्या पाठवायला लागली.

मी सरावासाठी आमच्या मेंढ्यांची यादी केली... चांदी, भुरी, मोरी. पडद्यावर तक्ता उमटला, पण नावांपुढची उभी रेघ कुठं आत, कुठं बाहेर. मराठी अक्षरांची रुंदी त्या सॉफ्टवेअरला नीट मोजता येत नव्हती. वडील बघून म्हणाले, "मेंढरं लई वाकडीतिकडी उभी केलीस की गं." सरांना मात्र चूक सापडल्याचा केवढा आनंद झाला! मी दुरुस्ती लिहिली, आणि सोबतचं पत्र तहसीलदाराला लिहावं तसं: माननीय महोदय, मी एक गरीब विद्यार्थिनी, कृपा करून... सरांनी वाचता वाचता चष्मा काढला. "ये अर्ज कायकू लिखी, बेटा? आपण मागायला नाय, द्यायला चाललोय." मग ते पत्र दोन ओळींचं झालं.

महिन्याभरात दुरुस्ती परत आली, तपासणाऱ्यांच्या सात शेऱ्यांसह. चहा प्यायले, पण मनातून खचलेच. पुढं परीक्षा, मग नोकरी. सर भेटले की विचारायचे, आणि एकदा मी थाप मारली, "पुन्हा पाठवली, सर." ते हसले. "परत आली तर सांग. चहा राहिला तुझा."

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या सॉफ्टवेअरच्या साइटवरचं माझ्या दुरुस्तीचं जुनं पान उघडलं. तिथला सगळा पत्रव्यवहार उघडा असतो, कुणीही वाचावा. खोटं बोलताना हे मला कसं सुचलं नाही, कोण जाणे! सात शेऱ्यांखाली, मी थाप मारली त्याच आठवड्यातली, सरांची एक इंग्रजी ओळ होती: मुलगी यावर काम करते आहे, कृपया हे बंद करू नका. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी हमसून हमसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसले.

परवा उत्तर आलं. दुरुस्ती परत, पण आता दोनच शेरे. शनिवारी प्रयोगशाळेत गेले. टेबलावर फ्लास्क होता. मुलं आता तो आळीपाळीनं भरून आणतात. खिडकीतून ऊन त्याच्यावर आलं होतं, आणि सर आत्ताच उठून गेलेत असं वाटत होतं... ओळख ना पाळख, एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमची परत आली का?"

"आली," मी म्हणाले, आणि कप पुढं केला.