बीटा व्हर्जन आणि फॉर्मची झेरॉक्स

सांगूनच टाकतो, आठ महिने झाले, आता लाज वाटत नाय.

मुरबाडकडच्या आमच्या गावातनं मी घरूनच काम करतो. समोर सिद्धगड दिसतो आणि नेट ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येतं. काम कुबरनेटीसचं, म्हणजे कंपनीचे प्रोग्राम ज्या डब्यांसारख्या कंटेनरांत चालतात ते सांभाळणारी सिस्टीम. तिला फाइल लिहून द्यायची, काय काय चालवायचं त्याची. पहिल्याच ओळीत व्हर्जन, म्हणजे कुठल्या नमुन्यात लिहिलंय ते. बीटा म्हणजे कच्चा नमुना. पक्का आला की काही दिवस दोन्ही चालतात, मग कच्चा बंद!

माझ्या सीनियर ताई बोललेल्या, "टेस्टची सिस्टीम नीट अपग्रेड कर, मग कायमचं घरून काम. नायतर रोज ठाण्याला ये."

अपग्रेडच्या आधी मी सिस्टीमला विचारलं, काय चाललंय दाखव. तिने सगळं पक्क्या नमुन्यात दाखवलं. मी खूश! कशातही लिहून द्या, ती पक्क्यातच दाखवते, हे मला कुठं माहीत? माझ्या फाइली कच्च्याच होत्या.

अपग्रेड झालं. आधीचं सगळं चालू. नवीन काहीतरी टाकायला तीच फाइल दिली तर उत्तर, असला नमुना नाय. मी पहिल्या ओळीतलं बीटा काढलं. तरी नाय.

बाबा भात झोडून आले, ओट्यावर टेकले.

"तोंड का पडलंय रे?"

"आधी दिलेलं चालतंय. त्याच कागदावर नवीन घेत नाय."

"दाखल्यासारखंच की. जुना दाखला चालतो. जुना फॉर्म परवा तालुक्याला माझ्या तोंडावर परत दिला."

आमच्याकडे दाखल्याचा एक कोरा फॉर्म तांदळाच्या डब्यामागं पिशवीत असतो. अख्खी वाडी त्याचीच झेरॉक्स मारते.

"तू कुठनं आणलास तुझा?"

"जुन्या कामातनं कॉपी मारला."

"म्हंजे झेरॉक्स."

"हो."

"आणि वर फक्त नवीन लिवलंस."

"हो."

"मी पण. पेनानं. तिथल्या हापिसातल्या बाईनं आत बघितलं. आता आईचं नाव वेगळ्या रकान्यात लागतं."

मी पण फाइलीच्या आत बघितलं. एक रकाना नवीन, भरायलाच लागणारा. दुसरा जुन्या जागेवरनं काढून तिसऱ्याच्या आत सरकवलेला. दोन्ही नीट भरले, सिस्टीमने घेतली फाइल.

ताईंचा फोन आला. खरं सांगितलं.

"अरे, इतके दिवस वॉर्निंग येत नव्हती?"

"येत होती. पिवळी होती, ताई. लाल असती तर वाचली असती."

ताई म्हणाल्या, "आता सगळ्या टीमच्या जुन्या फाइली तूच शोधून बदल. मग बघू घरून कामाचं."

महिना लागला. घरूनच केलं. संपल्यावर ठाण्याला ये असं कोणी बोललं नाय, मी पण विचारलं नाय.

बाबांना म्हटलं, तो जुना फॉर्म आता टाका. त्यांनी उलटा करून बघितला, परत पिशवीत ठेवला.

"पाठ कोरी हाये," म्हणाले.