सांग, काय वाचलं?

पुस्तकाला जीव असतो असं मनापासून मानणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो आमच्या गावात कापड विकत होता. सगळं गाव त्यांना कापडवाले काका म्हणे. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान, आणि दुकानावरच्या माडीत गावचं वाचनालय. सकाळभर ते खाली मांजरपाट मोजत, दुपारी चार वाजले की हात कोपरापर्यंत धुऊन, टोपी सारखी करून जिना चढत आणि बिनपगारी ग्रंथपाल होत. एखादं पुस्तक जागेवर दिसलं नाही तर "कुणी नेलं" असं ते कधी विचारत नसत. "कुठं गेलं थे?" असं विचारत, जणू ते आपल्या पायांनी गेलं असावं. आणि मग स्वतःच समाधान करून घेत, "धनजच्या बाजाराले गेलं असन. येईन सोमवारी."

काका जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे सूर्य कलला की वाचनालय बंद. थंडीच्या दिवसांत तर ते उघडतंय म्हणेपर्यंत मिटायचं. तहसील कचेरीतले एक कारकून एकदा रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर येऊन पोचले होते, काकांनी त्यांच्या हातातून पुस्तक अलगद काढून घेतलं आणि म्हणाले, "खून कोनं केला थे उद्या समजन. मेलेला मानूस काई पयून नाई जात." पुस्तकाला कसर लागली तर ते ती मोराच्या पिसाने हळूच कागदावर घेत, कागद घेऊन जिना उतरत आणि परसातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर किडे सोडून येत. हा ढीग विकून का टाकत नाही असं वार्षिक सभेत कुणीतरी विचारलं, तेव्हा काकांनी खरोखर चकित होऊन उलट विचारलं, "मंग त्याहीनं काय खावं?" ढीग राहिला.

ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला जैनांच्या मंदिरातल्या जुन्या पोथ्या बाहेर निघतात, झटकल्या जातात, नव्या कापडात बांधून त्यांची पूजा होते. काकांना वाटे, पोथ्यांना हा मान आणि आपल्या वाचनालयातल्या पुस्तकांनी काय पाप केलं आहे. म्हणून त्या दिवशी वाचनालयाची सगळी पुस्तकं खाली ओट्यावर येत, ऊन खात, आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांमध्ये बांधली जात. इतिहासाला खादी, विज्ञानाला पॉपलीन, रहस्यकथांना फुलाफुलांचं चीट. खुनांच्या गोष्टींना फुलं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आत यवढं रक्त हाये, बाहेरून तरी बरं दिसू दे."

आम्ही पोरं त्यांना भीत होतो ते मात्र एकाच गोष्टीसाठी. पुस्तक परत करायला आलेल्या मुलाने टेबलापुढे उभं राहून ते काय होतं हे सांगायचं, असा नियम होता. काका चष्मा कपाळावर चढवत, दोन्ही हात टेबलावर ठेवत आणि म्हणत, "सांग, काय वाचलं?" सांगता आलं तर मागाल ते पुस्तक मिळे. नाही आलं तर तेच पुस्तक पुन्हा हातात. "वाचलं नाई तू. ने पुन्हा." वनस्पतींची माहिती नावाचं एक पुस्तक मी अशा रीतीने चारदा घरी नेलं आहे. आजही मला तुरीच्या मुळांविषयी जे ठाऊक आहे ते काकांच्या भीतीने. पण ऐकत बसत तेव्हा काय ऐकत! तीच गोष्ट शंभराव्या पोराकडून ऐकतानाही त्यांचं तोंड किंचित उघडं असे. मोठ्या माणसाने आपलं इतकं ऐकावं, हे सुख मला घरी कधी मिळालं नव्हतं, आणि पुढे शिक्षिका झाले ती या सुखाच्या ओढीने झाले असं माझं मत आहे.

शिक्षिका झाले आणि काकांच्याच वाचनालयावर अर्ज घेऊन गेले. आणीबाणी नुकतीच उठली होती. वर्गात एकदा तास रिकामा होता म्हणून लहानपणचं माझं लाडकं, हिरव्या पुठ्ठ्याचं गोष्टींचं पुस्तक मी मुलांना वाचून दाखवत होते. त्यात दात पडलेल्या म्हाताऱ्या वाघाची गोष्ट आहे. त्याला कुणी भीत नाही, म्हणून लाजेखातर तो एका बकरीला रोज सकाळी खोटं खोटं घाबरायला सांगतो. ती गोष्ट वाचून मी पान उलटलं आणि पुढचं वाक्य तोंडात आलं, "पारधी हा जन्माचा चोर असतो." पुढे मी वाचलं नाही. हे पुस्तक मी दहा वेळा नेलं होतं, काकांना तोंडपाठ सांगितलं होतं, आणि हे पान माझ्या लक्षातही नव्हतं, याची मला फार लाज वाटली. शोधल्यावर आणखी दहा पुस्तकं निघाली. एकात विलायतेचा राजा आपला बाप होता, एकात काळ्या मुलीचं लग्न होत नव्हतं. अकराही पुस्तकं मुलांच्या कपाटातून काढावीत असा अर्ज मी केला.

वाचनालयाच्या कमिटीत एक वकील होते. नव्याने मिळालेल्या स्वातंत्र्याची त्यांना इतकी हौस आली होती की नगरपालिकेने टांग्यांचा अड्डा हलवला तरी ती त्यांना मुस्कटदाबी वाटे. गेल्या कित्येक वर्षांत ते वाचनालयाचा जिना चढलेले नव्हते, तरी सभेत उभे राहिले. "बाई, कालपर्यंत पेपरवर सेन्सॉर होता, आज तुमी पोट्ट्यायच्या पुस्तकावर बसवून राह्यल्या. उद्या काय काढान?" बाकीच्या दहा पुस्तकांवर ते सहज नमले, पण हिरव्या पुस्तकावर अडून बसले. वाघाची गोष्ट त्यांचीही लाडकी होती. दोन तास आम्ही भांडलो. शेवटी सगळे काकांकडे पाहू लागले.

काका म्हणाले, "दोघंही बरोबर बोलून राह्यले. पन तुमी दोघंही आता लहान नाई. ज्याहीनं हे लहानपनी वाचलं, त्याहीले इचारू."

आम्हाला वाटलं, बोलण्यापुरतं बोलले. पण पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर नेणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव आणि गाव काकांच्या हातचं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक पांढऱ्या कापडात बांधलं, सायकलच्या मागे लावलं आणि निघाले. अख्खा हिवाळा हा माणूस वाचकांच्या मागे फिरत होता. साठीला आलेला, पायात चपला, वर धोतर खोचलेलं. रविवारी मीही जात असे. धनजला एक शेतकरी कापूस वेचण्यावर देखरेख करत होता, काकांनी बांधावरूनच विचारलं, "तू अकरा वर्षांचा असतानी हे नेलं होतं. याच्यानं तुह्यं भलं झालं का वाईट?" तो माणूस इतका बावरला की आधी टोपी काढून उभा राहिला. मग पुस्तक ओळखलं, आणि वेचणाऱ्या बायांसमोर त्याने दात पडलेला वाघ करून दाखवला. आसेगावला दिलेली आमच्या गावची एक लेक पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि बकरी झाली. काका प्रत्येकाला ते पारध्याचं पान उघडून दाखवत. प्रत्येक जण वाचून म्हणे, "असं होतं याच्यात? मले तं आठवतच नाई." बावीस माणसं झाली, बावीसही हेच म्हणाली. वकील मला रस्त्यात थांबवून सांगत, "बाई, साक्षीदार आमचेच निंगून राह्यले." मी मान खाली घालून पुढे निघे, कारण चिठ्ठीवर माझंही नाव होतं, फक्त मोजदादीत मला धरलं नव्हतं; विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

तेविसावं नाव काकांनी शेवटासाठी ठेवलं होतं. ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. चिठ्ठीवर ते एकाखाली एक तीनदा होतं: दशरथ, बेड्यावरचा. आमच्याकडे पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात. पहिल्या दोन नावांपुढे काकांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "वाचले नाही. पुन्हा दिले." तिसऱ्यापुढे होतं, "पायरीवर ठेवून गेला." त्यानंतर ते नाव वाचनालयातल्या कुठल्याही पुस्तकावर नाही.

दशरथ किन्हीराजा गावाकडे एका संत्र्याच्या बागेवर राखणदार आहे असं कळलं. आम्ही एसटीने गेलो. एरवी गाडीत शेजारच्याला पुस्तक काढून वाचायला लावणारे काका त्या दिवशी मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडत नव्हते. एकदाच बोलले. "दशरथ नाल्यावर हात धुऊन येत जाय. कधी पुस्तकाले डाग नाई पडला त्याचा."

बागेच्या फाटकाशी तिशीतला एक उंच माणूस उभा होता. अख्ख्या बागेचा माल त्याच्या भरवशावर टाकून मालक वाशिमला राहत होता. त्याने काकांना लांबूनच ओळखलं, घोंगडं अंथरलं, पाणी आणलं. काका बसले नाहीत. त्यांनी पुस्तकाचं कापड सोडलं.

"दशरथ, तीन खेपा मी तुले हेच देल्लं. तू वाचलं होतं का नाई?"

"वाचलं होतं ना, काका. पाठ हाये." आणि शाळेतली पोरं हात मागे बांधून म्हणतात तसं, आवाज न चढवता, त्याने म्हटलं, "पारधी हा जन्माचा चोर असतो. शहाण्या मुलांनी त्याच्या सावलीलाही उभे राहू नये." पुढचं सगळं पान त्याने तसंच म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मग तो म्हणाला, "तुमी म्हने, सांग, काय वाचलं. वाघाचीच सांगाची होती मले. पन तोंड उघडलं का पयले हेच येत जाय. हे कसं सांगू तुमच्यापुढं?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचं डोकं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पिकल्या केसांचं, लहानसं डोकं होतं. मग फार हळू म्हणाले, "वाघाची आता सांगतं का?"

दशरथ हसला. आधी नको म्हणाला, मग सांगू लागला. म्हातारा वाघ आला, बकरी आली, रोजचं खोटं घाबरणं आलं, आणि शेवटी लांडगा आल्यावर बकरी खरी घाबरली आणि वाघाने बिनदातांची डरकाळी फोडली, तेव्हा तो मोठा राखणदार दोन्ही हात उगारून बागेत डरकाळला. काका उभ्यानेच ऐकत होते, तोंड किंचित उघडं ठेवून. मला तिथे रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

निघताना काकांनी विचारलं, "याचं काय करू?" दशरथने पुस्तक हातात घेऊन पाहिलं, परत दिलं. "जाळू नका. वाघ चांगला हाये. पन माही पोरगी आता वाचाले लागली. तिच्या हाती हे नको लागू देजा."

त्या आठवड्याच्या सभेत काका उभे राहिले आणि हिरवं पुस्तक मुलांच्या कपाटातून काढून मोठ्यांच्या कपाटात ठेवत असल्याचं त्यांनी सांगितलं. वकील उठले. म्हणाले, तेविसांतला एक माणूस, आणि एका माणसापायी ही मुस्कटदाबी. काकांना राग आला नाही. म्हणाले, "वकीलसाहेब, मुस्कटदाबी झाली, खरं हाये. पन थे आज नाई झाली. वीस वर्सांमांगं झाली, एकाच पोराची, अन् थे मीच केली. तीन खेपा." आणि बागेत जे झालं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. वकील खाली बसून म्हणाले, "एकमतानं लिहा." पुढच्या रविवारी ते कित्येक वर्षांनी जिना चढून वर आले आणि हिरवं पुस्तक मागून घेऊन खिडकीशी वाचत बसले.

त्या दिवसापासून काकांनी कुठल्याही मुलाला "सांग, काय वाचलं?" म्हटलं नाही. मुलं पुस्तक टेबलावर ठेवत, काका नाव खोडत आणि दुसरं देत. घरून गोष्ट घोकून आलेली पोरं हिरमुसून निघून जात. मी एकदा म्हटलं, काका, एवढी शिक्षा नका करून घेऊ. त्यांनी पुढच्या मुलाचं नाव खोडलं. माडी एकदम मुकी झाली होती. मला तिथे जायला नको वाटे.

दोनेक वर्षांनी, हिवाळ्यातच, एक नऊ-दहा वर्षांची मुलगी पुस्तक परत द्यायला आली. आमच्या गावच्या बेड्यावर मामाकडे शिकायला राहिली होती. हात ओले होते, फ्रॉकला पुसत होती. काकांनी नाव खोडलं. ती हलली नाही.

"काय पायजे, माय?"

"तुमी इचारत काहून नाई?" ती म्हणाली. "माहा बा म्हने, इथं गोष्ट सांगा लागते."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सांग," ते म्हणाले, "काय वाचलं?"

पोरगी बोलकी होती. मधेच विसरे, मागे जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, लाल झालं, सरकत गेलं. खालून काकूंनी दोनदा निरोप पाठवला की ताट वाढलं आहे, दिवस मावळतो आहे. मी उठून खूण केली. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. इतक्या वर्षांत त्या माडीने दार उघडं ठेवून पहिल्यांदाच अंधार पाहिला. गोष्ट संपली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि मुलीला कंदील घेऊन बेड्यापर्यंत पोचवून आल्यावर काका उपाशीच झोपले.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मीही शाळेतून निवृत्त झाले. नातवंडं पुस्तक वाचून माझ्यापुढे आणून टाकतात तेव्हा विचारायचं ओठावर येतं, आणि मी थांबते. सांगावंसं वाटलं तर ती सांगतील. मी तोंड किंचित उघडं ठेवून बसून राहते.