दाराशी उभं राहायचा नियम

सरांचं वाक्य कुठे सुरू होणार आणि आपलं कुठे बंद पडणार, हे बाईंना इतक्या वर्षांच्या संसारात बरोबर कळायचं. निवृत्त झाल्यावर सरांनी परदेशातल्या एका शाळेत विनामोबदला शिकवायचं ठरवलं आणि 'आम्ही दोघं येतो' असं परस्पर कळवून टाकलं, तेव्हाही बाई बोलल्या नाहीत. खरं तर त्यांच्या स्वतःच्या शाळेत मुख्याध्यापिकेची खुर्ची त्यांची वाट बघत होती. नवं सत्र सुरू होण्याआधी परतलात तर खुर्ची तुमची, असं संस्थेने बजावलं होतं. बिनपगारी रजा टाकून बाई विमानात बसल्या.

सर तिथल्या वयात आलेल्या पोरापोरींना स्त्री-पुरुष समानता शिकवू लागले. विषय अगदी जिव्हाळ्याचा. बाईंनी इस्त्री केलेला शर्ट घालून, बाईंनी रंगवलेले तक्ते काखोटीला मारून, बाईंनी शोधून दिलेला चष्मा नाकावर चढवून ते वर्गात शिरत. घरकाम दोघांचं असतं, हे सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. घरी आल्यावर त्या गळ्याला चहा लागे, तो बाई करत.

सरांनी वर्गात एक नामी नियम काढला होता. मुलगी बोलत असताना जो मध्ये तोंड घालेल, त्याने तिचं बोलणं संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. पहिले काही दिवस दाराशी ही गर्दी! मग पोरं जीभ आवरायला शिकली. सर हे कौतुक बाईंना रोज जेवताना ऐकवत.

अशातच सरांनी मुक्काम वर्षभर वाढवून घेतला. बाईंना ते शाळेच्या शिपायाकडून कळलं.

"अहो, माझी शाळा?"

"अगं, इथलं काम केवढं मोठं आहे! खुर्च्या काय, येतात नि जातात," असं म्हणून सरांनी मीठ मागितलं.

बाईंना रडू आलं, मग संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या काहीतरी सांगू बघत होत्या, पण सरांचं बोलणं संपेना. शेवटी नेहमीसारख्या तक्ते टांगायला त्या वर्गात गेल्या आणि मागे बसल्या. तिथे एका आगाऊ मुलीने वळून विचारलं, "बाई, तुम्हाला काय व्हायचं होतं?"

बाई उठल्या. "मला मुख्याध्यापिका..."

"तिला म्हणायचंय," सर हसत म्हणाले, "की माझ्या कामातच तिचं समाधान..."

दाराशी सगळ्यात जास्त वेळ काढलेल्या एका दांडगट मुलाने हात वर केला. "सर, दार."

"अरे, ती माझी बायको आहे!"

"नियमात तसं काही नव्हतं, सर."

सर मुकाट्याने दाराशी गेले. बाईंना दया आली नाही असं नाही. तरी त्यांनी घसा खाकरून सगळं सांगितलं: खुर्ची, सत्र, आणि सकाळीच काढलेलं परतीचं तिकीट. एकटीचं. सरांनी तोंड उघडलं, वर्गाकडे पाहिलं आणि मिटलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "झालं का तुझं?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि पुढे येऊन सरांच्या खुर्चीत नीट टेकून बसल्या.