खांबाला मलम लावणारा

उत्रोलीजवळच्या पुलावर मी नवाकोरा ओव्हरसियर होतो, तेव्हा काँक्रीट तपासणारा एक इंजिनियर पुण्याहून यंत्राची पेटी घेऊन यायचा. खांबात एका बाजूने आवाज सोडायचा आणि पलीकडे पोचायला त्याला किती वेळ लागला, ते पडद्यावरच्या हिरव्या रेघेत बघायचा. आवाज रेंगाळला की काँक्रीट कच्चं. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, तरी हा "जरा गप्प बसा हो!" म्हणायचाच. आधी खांबाला ग्रीस लावायचा, तेही दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळावं इतकं हळुवार.

एकदा खांब कच्चा निघाला. "पाडायचा व्हय, सायेब?" म्हणत म्हातारे मिस्त्री मटकन खाली बसले. खांब त्यांनीच उभा केला होता.

याने टेप घेऊन खांबाची जाडी पुन्हा मोजली. सकाळी ती मी मोजली होती, आणि चांगली अर्धा फूट कमी सांगितली होती! आवाज बिचारा रेंगाळला नव्हता, त्याला चालच जास्त पडली होती.

तो मिस्त्रींशेजारी उकिडवा बसला. "मिस्त्री, खांब पक्का आहे. मोजण्यात मी चुकलो."

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. घरच्यांना ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. सकाळी खांब कुणी मोजला होता, ते मात्र आज पहिल्यांदाच सांगतोय.