मावशीचा अंगठा, माझं वाक्य

मावशीचा व्हॉइस मेसेज ऐकायचा असेल, तर मोबाइल कानापासून वीतभर लांब धरावा लागे. खाडीच्या या काठावरून पलीकडच्या होडीला हाक मारावी, तशी ती फोनमध्ये बोलायची. "आयका गो बायांनो" ही सुरुवात ठरलेली. मग अर्धा-पाऊण मिनिट कोळंबीबद्दल काहीतरी, आणि शेवटी "ठेवते". पण ठेवते म्हटल्यावरही बटणावरचं बोट ती लगेच उचलायची नाही. त्यामुळे तिच्या प्रत्येक मेसेजच्या शेपटाला कोंबड्या, कुकरची शिटी आणि सुनेची कुरकुर लागलेली असायची.

आयुष्यात मी बऱ्याच जणांवर जळले. चुलतबहिणीच्या केसांवर जळले, वर्गातल्या पहिल्या नंबरवर जळले. पण तिसरीत शाळा सोडलेल्या या बाईवर जितकी जळले, तितकी कुणावर नाही.

पनवेलच्या बाहेर आमचा कारखाना होता. कोळंबी सोलायची, निवडायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, एवढंच काम. मी तिथली क्वालिटीवाली मॅडम, आणि बायकांना शिकवणं हेही माझ्याकडेच. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. कोळंबी मी पहिल्यांदा पाहिली पुस्तकात, दुसऱ्यांदा प्रयोगशाळेतल्या बाटलीत, आणि तिसऱ्यांदा नोकरीच्या पहिल्या दिवशी, दोन टन. मावशी उरणकडच्या कोळीवाड्यातली. चालायला लागली तेव्हापासून कोळंबीतच. ती निवडीच्या टेबलाशी उभी राहिली की बाकीच्या बायकांचे हात आपोआप तिच्या हातांकडे बघून चालायचे, आणि हे मी पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवलं होतं. कौतुकानं टिपलं होतं, असं म्हणवत नाही.

शनिवारी शिफ्टच्या आधी अर्धा तास कँटीनमध्ये माझा वर्ग असे. पडद्यावर तक्ते, तापमानाचे आकडे, जंतूंची रंगीत चित्रं. सुकापूरच्या बायका डुलक्या घेत, नेऱ्याकडच्या पोरी नखं बघत. मावशी मात्र पहिल्या बाकावर, पदर कमरेला खोचून, ताठ बसलेली. वर्ग संपला की तिचा एक प्रश्न ठरलेला. एकदा म्हणाली, "मॅडम, हे जंतू उकडल्यावर मरतात म्हनता. मंग त्यांनी आदी करून ठेवलेली घान कुटं जाते?" मी सांगते नंतर, असं म्हणून वेळ मारून नेली. घरी जाऊन पुस्तक काढलं, तर प्रश्न अगदी बरोबर होता. काही घाण जात नाहीच, उकळलं तरी राहते. तिसरी शिकलेल्या बाईनं मला पुन्हा पुस्तक उघडायला लावलं, याचा राग मला आठवडाभर पुरला.

त्या वर्गांतून मला स्वतःला आवडलेलं एकच वाक्य निघालं. कोळंबी बर्फावर नुसती ठेवू नका, वरूनही बर्फ घाला, हे सांगून सांगून थकले तेव्हा एके दिवशी तोंडातून गेलं, "कोळंबीला अंथरूणही बर्फाचं आणि पांघरूणही बर्फाचं." चार-पाच जणी हसल्या. मी ते वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरात छापून घेतलं आणि हॉलच्या दाराशी लावलं. त्याखालून कुणी वर न बघता गेलं, की मला वाईट वाटायचं.

दोन हजार सोळाच्या सुमाराला सगळ्यांच्या हातात स्वस्त मोबाइल आले. मावशीच्या सुनेनं तिला एक घेऊन दिला, आणि महिन्याभरात व्हॉट्सॲपवर 'कोलबीवाल्या' नावाचा ग्रुप उभा राहिला. हॉलमध्ये फोन न्यायला बंदी, तो लॉकरमध्येच राहायचा. त्यामुळे ग्रुप चालायचा घरून आणि बसमधून. रविवारी मावशी पनवेलच्या मासळी बाजारात जायची, एखाद्या ओळखीच्या कोळणीच्या पाटीजवळ बसायची आणि कोळंबीचा फोटो टाकायची. खाली आवाज, "ही कवाची? सांगा." मग कुणी जेवण करता करता, कुणी कपडे वाळत घालता घालता उत्तर द्यायची. आजची, कालची, परवाची. चुकलेल्या बाईला मावशी कधी चुकलीस म्हणायची नाही. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "डोल्यांचा भरवसा नाय गो. अंगठ्याला इचार." मग अंगठ्यानं कवच कसं दाबायचं, ताजं असलं तर ते कसं चिकटून राहतं आणि शिळं कसं सैल होतं, हे ती सांगायची. नेऱ्याची संगीता भातशेतीवाल्या घरातली, समुद्राची मासळी तिच्या घरी सणासुदीलाच. ती सहा महिन्यांत मालाच्या आवकीवर, म्हणजे टेम्पोतून उतरलेला माल पहिल्यांदा तपासायच्या जागेवर, उभी राहायला लागली.

हे सगळं मला ऐकीव माहीत होतं. कारण त्या ग्रुपात आमच्या हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका होत्या, झाडूवालीसुद्धा होती, आणि मी नव्हते. एकदा मी अगदी सहज विचारल्यासारखं करून मावशीला म्हटलं, "मला नाही घेतलंत तुमच्या ग्रुपात?" मावशी लाजली. "तुमाला कशाला मॅडम? आमी अडानी बायका काय बी बोलतो. तुमचा टाइम जाईल." मी हसून बरं म्हटलं.

वर्षाच्या शेवटी ट्रेनिंग प्रमुखाची जागा निघणार होती आणि ती मला हवी होती. तेवढ्यात महिन्याच्या बैठकीत मॅनेजरसाहेब म्हणाले, "माल बाद होण्याचं प्रमाण खूप कमी झालंय. त्या मावशींचा ग्रुप कमाल आहे हं." माझ्या शनिवारांबद्दल एक शब्द नाही. बैठकीतून निघाले आणि हॉलमध्ये गेले, तर एक जुनी बाई एका नवीला सांगत होती, "मावशी सांगते ना, कोलबीला हातरून बर्फाचं, पांगरून बर्फाचं." त्या दोघी माझ्या तक्त्याच्या बरोबर खाली उभ्या होत्या.

मी चोरी पकडल्यासारखी तडक मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मावशीचं नाव घेतलं नाही, तेवढी हुशारी होती. म्हटलं, परदेशी ग्राहकाची तपासणी जवळ आलीय. कोण कुणाला काय शिकवतं याची नोंद हवी. असे खासगी ग्रुप चालू राहिले आणि उद्या कुणी चुकीचं शिकवलं, तर जबाबदारी कुणाची? त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि मी तो निव्वळ मत्सरापोटी बोलत होते. दोन दिवसांत नोटीस लागली. जुना ग्रुप बंद, आता फक्त कारखान्याचा अधिकृत ग्रुप, त्याची प्रमुख मी.

मावशी भांडेल असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तिनं नोटीस संगीताकडून वाचून घेतली, "बरं" म्हणाली आणि संगीतालाच सांगितलं, "त्या ग्रुपला टालं लाव." त्या दिवसापासून कुणी तिथं काही टाकलं नाही.

माझा ग्रुप व्यवस्थित होता. दर सोमवारी एक पीडीएफ, दर गुरुवारी एक तक्ता. उत्तरादाखल बायका गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ पाठवायच्या. आषाढीला माझ्या तापमानाच्या तक्त्याखाली एकवीस विठोबा आले. मावशी त्या ग्रुपात होती. बघायची सगळं, पण तिचा आवाज एकदाही आला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचीही चीड यायची. बोलत होती तेव्हा जळत होते, गप्प बसली तेव्हाही जळत होते.

मग तो शुक्रवार आला. मी दाताच्या डॉक्टरकडे बसले होते. आवकीवर फोनला परवानगी असे. संगीतानं तिथून ग्रुपवर फोटो टाकला. तळ्यातल्या कोळंबीचा टेम्पो आला होता आणि शेपटांवर काळं दिसत होतं. 'मॅडम काय करू?' मी फोटो मोठा करून पाहिला, मोबाइलमधल्या तक्त्याशी ताडला. शिळेपणाचे काळे डाग, हुबेहूब. लिहिलं, 'माल बाद. परत पाठवा.' टेम्पो परत गेला. संध्याकाळी कळलं, तोच माल शेजारच्या कारखान्यानं आनंदानं घेतला. डाग नव्हते. तळ्यातला गाळ होता, पाण्यानं धुऊन गेला. आमची ऑर्डर अपुरी राहिली आणि मॅनेजरसाहेब फार चिडले. पण चिडले ते संगीतावर. "आवकीवर उभ्या असलेल्या मुलीनं हात लावून बघायला नको? सोमवारपासून येऊ नको म्हणावं तिला."

मी साहेबांच्या समोरच बसले होते. गालात कापूस होता, एवढं निमित्त मला गप्प राहायला पुरलं.

शनिवारी वर्ग झाल्यावर मावशी माझ्या केबिनमध्ये आली, पहिल्यांदाच. खुर्चीवर बसली नाही.

मीच आधी विचारलं, "मावशी, तुम्ही ग्रुपवर फोटो पाहिला होता ना?"

"बगितला. जेवनाच्या सुट्टीत फोन हातात होता."

"तुम्हाला वाटलं होतं गाळ असेल म्हणून?"

"फोटोवरनं मना तरी काय कलनार? फोटो काय घासता येतो? अंगठ्यानं घासायचं. गेलं तर गाल, नाय गेलं तर माल मेला."

"मग हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी लिवलंत ना, बाद म्हनून. त्याच्या वर मी बोलली असती, तर समद्या बायांच्या समोर तुमचा शबुद पडला असता. तुमी शिकवनाऱ्या. शिकवनारीचा शबुद पडला की मंग कोन ऐकत नाय." आणि मग मुद्द्यावर आली. "ती पोर गरीब हाय. तुमी बोला सायबांशी. मी बोलून काय उपेग?"

एखादीनं मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. माझा शब्द सांभाळायला ही बाई गप्प बसली होती, आणि तिचा आवाज बंद करायला मी नोटीस लावली होती. मी उठले, साहेबांकडे गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, फोटो बघून निर्णय मी दिला, संगीता माझं ऐकून वागली. संगीता राहिली. ट्रेनिंग प्रमुखाची जागा मात्र दुसऱ्या शाखेतल्या एका गृहस्थांना मिळाली. त्याचं दुःख मला झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

त्याच दुपारी कँटीनमध्ये संगीता माझ्यासमोर येऊन बसली. मग तिनं मोबाइल काढला, 'कोलबीवाल्या' उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमाला एक ऐकवू?" आणि फोन वीतभर लांब धरला. "आयका गो बायांनो. आज मॅडमनी लय झकास सांगितलंय. कोलबीला हातरून बर्फाचं, पांगरून बर्फाचं. ध्यानात ठेवा. हे मॅडमचं बोलनं हाय, माजं नाय. ज्या झोपल्या होत्या त्यांच्यासाटी सांगते. ठेवते." मागून कुकरची शिटी.

संगीता एकेक ऐकवत गेली. बहुतेक सगळे शनिवार संध्याकाळचे. माझा एकेक वर्ग, अर्ध्या मिनिटात, तिच्या भाषेत. जंतू, तापमान, हात धुणं. प्रत्येक वेळी आधी माझं नाव. बायांनी माझं नाव विसरून आवाज तेवढा लक्षात ठेवला, त्याला ती काय करणार? कानाला फोन न लावताही मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. माझं तोंड लाल झालं असावं, कारण संगीतानं फोन बंद करून चहा आणला.

मी साहेबांना सांगून जुना ग्रुप पुन्हा सुरू करवला. मावशीनं एका अटीवर मान्य केलं. "तुमी पन या मंग. पीडीप का काय ते टाकू नका." मी गेले, आणि टाकली नाही.

दोन वर्षांनी मावशीनं काम सोडलं. कंबर ठीक होती, डोळे ठीक होते. एके दिवशी टेबलाशी एक कोळंबी बराच वेळ दाबत उभी राहिली आणि शेवटी संगीताच्या हातात दिली. पंचवीस वर्षं बर्फात हात. मला म्हणाली, "अंगठा मुका झाला मॅडम. इचारलं तर सांगत नाय." निरोपाच्या दिवशी मी भाषण लिहून आणलं होतं. ते वाचता वाचता माझं मलाच जाणवलं, की इथंही मी तिच्याबद्दल कमी आणि तिनं माझ्याबद्दल काय म्हटलं त्याबद्दल जास्त लिहिलंय. ते कागद घडी करून पर्समध्ये टाकले आणि तिचा तो अंगठा हातात धरून उभी राहिले. गार होता.

पुढे काही दिवस रविवारी उरणकडच्या बाजारातले तिचे फोटो येत. मग आवाज विरळ झाला, मग थांबला. सून सांगते, मावशी बरी आहे, ओट्यावर बसून असते, फोन हातात धरवत नाही.

संगीता आता सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात ती नव्या पोरींना हॉलच्या दाराशी समजावत होती, "आमची मावशी सांगायची बरं का, कोळंबीला अंथरूण बर्फाचं, पांघरूण बर्फाचं." जिनं मला तो मेसेज स्वतःच्या हातानं ऐकवला होता, तीच. मी मागेच उभी होते. तक्ता केव्हाच पडला, भिंतीवर खिळा तेवढा राहिलाय. वाक्य माझं आहे, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण मनात ते वाक्य म्हणून पाहिलं, तर ते मलाही मावशीच्याच आवाजात ऐकू आलं, मागच्या कुकरसकट. मी पुढे झाले आणि नव्या पोरींना म्हटलं, "आमच्या मावशीचं ऐका."