उलट्या पिसांची चार पिल्लं

देहूरोडला सकाळच्या लोणावळा गाडीत चढले तेव्हा माझ्या हातात भोकं पाडलेलं खोकं होतं आणि कानात नवऱ्याचे शब्द, "चार दिवसांत मांजर खाईल, बघ." तो बोलतोच असं. मी अठ्ठावन्न वर्षांची, डेपोतल्या कारकुनीतून निवृत्त. कोंबडीशी माझी आजवरची ओळख रविवारच्या पातेल्यापुरतीच. पण मला पाळायला उलट्या पिसांची कोंबडीच हवी होती. हिची पिसं अंगालगत बसत नाहीत, पुढच्या बाजूला वळतात. बाई कायम वाऱ्याला पाठ करून उभी असल्यासारखी दिसते. ही जात आता शोधूनही सापडत नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्यात हौसामावशी नावाच्या म्हातारीकडे आहे, असं कळलं आणि मी निघालेच.

लोणावळ्यात रिक्षावाल्यानं विचारलं, "पॉइंट बघायला का, मॅडम?"

"कोंबड्या बघायला."

त्यानं आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं. चिक्कीची दुकानं मागे पडली, बंगल्यांची कुंपणं संपली. समोर नागफणीचा सुळका आणि खाली नुकतीच कापणी झालेली भातखाचरं. पेंढ्याच्या वासानं मी खूश झाले.

हौसामावशींच्या अंगणात ती कोंबडी होती! पायाशी महिन्याभराची आठ पिल्लं. त्यातल्या चौघांचीच पिसं आईसारखी वळू लागली होती. मावशी सत्तरीच्या, काटक.

"कुटनं आलीस, बाई?"

"देहूरोडवरून. या पिल्लांसाठी आलेय, मावशी."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "राखणीला पायजेत व्हय?"

"हो तर! राखणच करायची. अगदी मनापासून करीन."

"किती?"

"या वळल्या पिसांची चारही."

"चारी? आगं बया! येवडं काय झालं?"

परक्या बाईला काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. "लेक बंगळूरला गेला, तेव्हापासून घर खायला उठतं हो."

"रातचं जास्ती व्हय?"

"रात्रीचं तर विचारूच नका. डोळ्याला डोळा लागत नाही."

मावशींनी वर बघून हात जोडले. किती मायाळू बाई, मी मनात म्हटलं.

त्यांनी मला जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक मासळीची) झणझणीत चटणी. मी दुसरी भाकरी मोडत होते, तेवढ्यात त्यांनी चारही पिल्लं धरून आणली आणि एकेकाच्या डोक्याला हळदकुंकू लावलं. मला तर भरूनच आलं. लेकीची पाठवणी करावी तशी कोंबडीच्या पिल्लांची पाठवणी!

मग परसातून त्यांचे मालक आले, आबा. कोयत्याची धार अंगठ्यावर बघत म्हणाले, "ताई, हितंच करायचं का तुमच्या तितं?"

"काय करायचं?"

"राखण," असं म्हणत त्यांनी एक पिल्लू उचललं आणि त्याची मान मागे केली.

मी जी किंकाळी फोडली ती नागफणी चढणाऱ्यांनीही ऐकली असेल. ताट एकीकडे, भाकरी एकीकडे. "अहो, सोडा! सोडा त्याला!"

माझी राखण म्हणजे सांभाळ करणं. त्यांची राखण म्हणजे घरावर काही बाधा आली, की राखणदार देवाला द्यायचा उलट्या पिसांच्या कोंबडीचा बळी. चार जिवांचा निकाल मी माझ्याच तोंडानं सांगितला होता, वर चटणीची तारीफ करत बसले होते.

"पाळायला हवीत हो मला! पाळायला!"

"आन् घर खायला उठतं म्हणालीस त्ये?" मावशी म्हणाल्या.

"अहो, एकटं वाटतं!"

आबांनी कोयता खाली ठेवला. "तुमी कोंबडी खात न्हाई का, ताई?"

"खाते," मी म्हटलं.

आबा हसले. मावशी मात्र मटकन खाली बसल्या. "खरंच पाळाया?" त्यांनी दोनदा विचारलं. "मी सासरी आले तवापास्नं ही जात हाये आमच्यात. पाळाया पिलू कुणीच न्हेलं न्हाई. समदी कापायाच न्हेत्यात. म्हणून तर ऱ्हायली न्हाईत."

दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून मी जिच्यामागे धावत आले, ती दुर्मीळ झाली होती ती अशी.

"मग तुम्ही देता कशाला?"

"राखणीला न्हाई म्हणू ने, बाई. कुणाच्या दारात काय आलंय, आपल्याला काय ठावं?"

त्यांनी पदर पाण्यात बुडवला आणि एकेका पिल्लाच्या डोक्यावरचं कुंकू पुसून काढलं. मी दिलेले पैसे न मोजताच कनवटीला लावले. खोकं बंद करताना एका पिल्लावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो कोंबडा हाये. असला मोठा झाल्याला कोंबडा आमच्या अंगणात मी कदी बगितला न्हाई. आरवला तर मला फोन लाव."

परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घट्ट धरून बसले होते. प्रवास म्हणाल तर जेमतेम तासाभराचा, भाषाही आपलीच. तरी माझ्याच घरच्या शब्दानं मला असं तोंडघशी पाडलं. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खुराड्याला दुहेरी जाळी मारत बसला.

चार महिन्यांनी एका सकाळी तो कोंबडा आरवला. फाटका, बेसूर आवाज. मी धावत जाऊन फोन लावला आणि खुराड्यापाशी धरला. त्यानं तीनदा बांग दिली. मग पलीकडून मावशींची हाक ऐकू आली, मला नव्हे, आबांना.

"अवो, लवकर या हिकडं! त्यो जगला!"