यंदाचा रंग

माझ्या मामाला सगळे पट्टेवाला म्हणायचे. कुठल्याही कचेरीत घंटी ऐकून तो कधी धावला नव्हता की कुणा साहेबाची फाईल त्याने उचलली नव्हती. त्याचं काम रानात. लाकडासाठी लावलेलं ते रान दाट झालं की काही झाडं काढून बाकीच्यांना मोकळं करावं लागतं, आणि काढायची कुठली, हे मामा ठरवायचा. त्या झाडाला छातीच्या उंचीवर ब्रशने गोल पट्टा ओढायचा. मागून करवतवाले येऊन पट्ट्याची तेवढी झाडं पाडून न्यायचे. पट्ट्याचा रंग दरवर्षी बदलायचा, म्हणजे जुनी राहून गेलेली खूण नव्या वर्षी कुणाला फसवायला नको. पांढरा, लाल, निळा, पिवळा आणि मग पुन्हा पांढरा, अशी पाळी मामानेच लावून दिली होती. तो निवृत्त झाला तरी पाळी तशीच चालू राहिली.

त्याचे पट्टे बघण्यासारखे असायचे. झाड वाकडं असो, खरखरीत असो, पट्टा मात्र दोन्ही टोकं बरोबर जुळलेला. मामी चिडवायची, "अहो, घरातला एक खिळा धड सरळ ठोकता येत नाही तुम्हाला, आणि मेल्या झाडांचे काय लाड!" मामी बोलायला लागली की समोरच्याने फक्त हसायचं असतं, हे मामा लग्नानंतर लवकरच शिकला होता.

त्यांचं घर रानाच्या कडेला. पुढे डांबरी रस्ता, रस्त्यापलीकडे शेतं, आणि मागचं दार उघडलं की थेट झाडं. आत चालत गेलं की एक ओढा लागतो आणि त्यावर लाकडी साकव आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं तिथे येतात, उगाच मोठमोठे श्वास घेतात, "इथेच राहायला यायला पाहिजे" म्हणतात आणि अंधार पडायच्या आत शहाण्यासारखी घरी जातात. मी त्यातलीच. शहरात कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते, दिवसभर दुसऱ्यांच्या चेन आणि खिसे शिवते. मला मूल नाही, मामा-मामीलाही नाही. त्यामुळे आमचं एकमेकांकडे जाणंयेणं जरा जास्तच.

मामी विसरायला लागली ती आधी साध्या गोष्टी. गॅसवरचं दूध, चष्मा, शेजारणीचं नाव. आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा ओढ्यावर गेलेली मामी परतलीच नाही. मामाने शोधून आणली तेव्हा ती त्याच्यावरच भडकली, "तुम्ही कुठे हरवला होतात?" ओढ्यावर जाऊन साकवाच्या कठड्याला टेकून बसणं हा तिचा लग्न झाल्यापासूनचा नेम. दाराला कुलूप लावा, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. मामाने कुणाचंच ऐकलं नाही.

त्याने शेडमधून उरलेल्या रंगाचा डबा काढला. पिवळा होता. पिवळ्याचं वर्ष तेव्हा नुकतंच सरलं होतं. मागच्या दारापासून साकवापर्यंत वाटेवरच्या झाडांना त्याने एकेक पट्टा ओढला आणि मामीला शिकवलं, "पिवळ्यावर हात ठेवायचा, पुढचा पिवळा बघायचा. जाताना ओढा, येताना घर." मामी सगळं विसरली, पण हे नाही विसरली. मी तिला स्वतः बघितलंय. प्रत्येक झाडाशी थांबायची, पट्ट्यावर तळवा टेकवायची आणि पुढे निघायची. मामा खिडकीत चहा घेऊन बसायचा. चहा पार गार व्हायचा, पण ती झाडांतून दिसेपर्यंत कप तोंडाला लागायचा नाही.

वर्षं गेली. पट्टे फिके झाले की मामा त्याच डब्यातून त्यांच्यावर हात फिरवायचा. पांढरा गेला, लाल गेला, निळा गेला. आणि ज्याने पाळी लावून दिली, त्याच माणसाच्या ध्यानात आलं नाही की आता पुन्हा पिवळा येणार. निवृत्त माणसाला रानाची पाळी कोण कळवतो? आणि त्याच्या डोक्यात तर तो रंग आता रानाचा राहिलाच नव्हता. तो मामीचा झाला होता.

मोतीबिंदू काढायला मामा माझ्याकडे आला होता. मामीचं जेवण नाक्यावरची दुकानवाली पोचवत होती. मी त्याच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत असताना तिचा फोन आला. मामी सापडत नव्हती.

करवतवाले सकाळी आले होते. मामी ओढ्याकडे निघाली तेव्हा त्यांनी तिला नमस्कारही केला होता. ती नेहमीसारखी साकवाशी बसून राहिली आणि इकडे त्यांनी घराच्या बाजूने पिवळ्या पट्ट्याची झाडं पाडत आणली. दुपारी यंत्रं घेऊन ते रानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मामी परत फिरली तेव्हा साकवाजवळची पट्ट्याची झाडं अजून उभी होती. त्यांच्यावर हात ठेवत ती आली आणि मग पुढे पिवळं काहीच नव्हतं.

ती सापडली दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. एका नुकत्याच कापलेल्या बुंध्याजवळ बसली होती. तळहात चिकाने माखलेले. बुंध्याच्या चारी बाजू ती चाचपत होती. थंडीने अंग काकडलं होतं. पुढे ताप, दवाखाना, नळ्या. तापातून ती उठली, पण मामाला ओळखेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

करवतवाल्यांचा मुकादम दवाखान्यात आला. मामाच्याच हाताखाली तयार झालेला माणूस, आता केस पांढरे झालेला. दारातच रडायला लागला. "पट्टेवाले, दुसऱ्या कुणाचा पट्टा असता तर मी चौकशी केली असती हो. पण असा जुळवलेला पट्टा तुमच्याशिवाय कोण ओढणार? तुमचा हात ओळखला, म्हणून तर विचारलं नाही." मामाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला मुकादमाचा राग आला होता, मामाचा तर त्याहून जास्त, आणि त्या दोघांना तसं बघून तो राग ठेवायला जागाच राहिली नाही.

घरी आणल्यापासून मामी खोलीबाहेर पडेना. बाईमाणसाबरोबर जरा तरी यायची, पण मामाला बघितलं की पदर सावरून बसायची. "दादा, तुम्ही कुठले? आमचे हे येतीलच एवढ्यात." मामा दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून राहायचा, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा. तिचं जेवण कमी होत चाललं होतं. पाय आखडत चालले होते. तिला रोज चालवा, नाहीतर ती अंथरूण धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चालवणार कोण? मी सुट्टी काढून गेले होते, पण माझीही परत जायची वेळ झाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मामा माझ्यासमोर त्याचा जुना कोट घेऊन आला, आणि एक पिवळ्या कापडाची पट्टी.

"बाहीवर शिवून दे. गोल. दंडाशी."

मला एकदम सगळं समजलं आणि माझा तोल गेला. "तोच रंग? याच रंगाने घात केला ना रे आपला! घरात नजरेसमोर तरी नको तो."

"तिला तोच ठाऊक आहे," मामा म्हणाला. मग जरा हसला. "टोकं नीट जुळव. वाकडा पट्टा मी अंगावर घालणार नाही."

मी शिवायला बसले. दुकानात दिवसाला कितीतरी बाह्या शिवते, पण त्या बाहीवर सुई धड चालेना. मामा समोर बसून बघत होता. "रानात आत्ता याच रंगाचं काम चालू आहे," तो म्हणाला. "मुकादमाला सांगून ठेव, कोट घातलेलं झाड दिसलं तर सोडा म्हणावं. निदान ही आहे तोवर." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी दोरा दातांनी तोडला.

दुपारी मी मामीला हाताला धरून ओढ्यावर नेलं. वाटेत बुंधे होते, भुसा अजून पिवळाजर्द होता. मामी त्यांच्याकडे बघत नव्हती, माझा हात घट्ट धरून चालत होती. साकवापलीकडे रान संपून लागणारी शेतं ओली होती, दूर कुणीतरी कुंपणाची तार ताणत होतं. आम्ही कठड्याशी बसलो. थोड्या वेळाने ठरल्याप्रमाणे मामा झाडांतून आला. मी उठून बाजूला झाले.

मामी दचकली. मागे सरकली. "कोण तुम्ही? मी नाही यायची. आमचे हे येणार आहेत न्यायला."

मामा पुढे आला नाही. रानात इतकी वर्षं उभी झाडं बघितलेला माणूस, तो नुसता उभा राहिला, दंड तिच्या बाजूला करून. मी मनात म्हणत होते, बघ गं, एकदा बघ.

तिने बघितलं. खूप वेळ बघत राहिली. मग उठली, सावकाश त्याच्याजवळ गेली आणि बाहीवरच्या पट्ट्यावर तिने तळवा टेकवला. तिच्या खांद्यांवरचा ताण सैल झालेला मला लांबूनही कळला.

"हा आमच्या ह्यांनी लावलाय," ती त्याला सांगू लागली. "मी हरवू नये म्हणून. बघा, टोकं कशी जुळलीत. खिळा नाही हो ठोकता येत त्यांना, पण पट्टा असा ओढतात!"

"दिसतंय," मामा म्हणाला. "फार जीव दिसतो त्यांचा तुमच्यावर."

"आहेच मुळी. वाट बघत असतील, चहा गार करून." तिने पट्ट्यावरचा हात काढला नाही. "घर इकडेच ना दादा?"

मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिच्या पावलाला पाऊल जुळवत तो घराच्या बाजूला वळला.

"इकडेच," तो म्हणाला. "चला, वहिनी."